आईंच्या पंचाहत्तरीला फुलं पाठवायची आहेत, तर काय बघून घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑगस्टमध्ये तुमच्या आईंची पंचाहत्तरी आहे. त्या पुण्यात, तुम्ही ठाण्यात. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेला बुके त्यांच्या दारात पोचला तेव्हा फुलांपेक्षा प्लॅस्टिकच जास्त निघालं. हिरव्या स्पंजात खोचलेल्या फुलांनी दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या. तो पसारा ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या, हे आईंना कळेना. त्यात तुमची मैत्रीण म्हणाली की तोडलेली फुलं देणं हाच मुळात अपव्यय आहे, त्यापेक्षा रोप द्या. म्हणून तुम्ही विचारलंत: शेतकऱ्याचं, मजुराचं आणि मातीचं नुकसान न करणारी फुलं मिळतात का, 'ऑरगॅनिक' लिहिलेलं शोधायचं का, आणि लंडनमधल्या बहिणीला फुलं घ्यायची झाली तर तिनं काय बघायचं?

मी पुण्यात २२ वर्षं फुलांचं काम करते. सुरुवातीला लग्नांची डेकोरेशन्स केली, आता बुके आणि घरगुती कार्यक्रमांची फुलं. आठवड्यातले चार दिवस पहाटे मार्केट यार्डातल्या फूलबाजारात असते. मावळ, पुरंदर आणि दौंड तालुक्यांतल्या काही शेतकऱ्यांकडून थोडा माल थेटही घेते. जे सांगते आहे ते या कामातून कळलेलं आहे.

आधी मैत्रिणीच्या बोलण्याबद्दल. फूल झाडावरून तोडलं म्हणजे अपराध झाला असं मला वाटत नाही. झेंडू, शेवंती, अष्टर, गुलछडी ही पिकं आहेत, जशी मेथी आणि कोथिंबीर. त्यावर घरं चालतात, आणि एका एकराच्या गुलछडीत रोज सकाळी चार-पाच बायकांच्या हाताला काम असतं. गोष्ट बिघडते ती बहुतेक वेळा फूल तोडल्यानंतर. त्याला कशात खोचलं, कशात गुंडाळलं, कोणता रंग पाजला, किती लांबून आणलं आणि कोणत्या तारखेसाठी आणलं, यात. म्हणून 'सगळ्यात निर्दोष फूल कोणतं' हा शोध सोडा. फुलाभोवती काय आहे ते आधी बघा. तिथे गिऱ्हाईक म्हणून तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन आहे, आणि तो शब्द वापरायला एक फोन पुरतो.

सुरुवात त्या हिरव्या स्पंजापासून करते, कारण माझा स्वतःचा त्याच्याशी बारा वर्षं संबंध होता. आम्ही त्याला 'ओॲसिस' किंवा नुसतं 'फोम' म्हणतो. १९५४ साली अमेरिकेत निघालेला हा पदार्थ फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनचा असतो. म्हणजे ते प्लॅस्टिकच, फक्त पाणी शोषणारं. वीट पाण्यावर ठेवली की मिनिटभरात आपोआप बुडते, मग सुरीनं लोण्यासारखी कापायची आणि काड्या खोचायच्या. काम भराभर होतं, म्हणून सगळे वापरतात. पण कोरडी वीट कापताना जी हिरवी भुकटी उडते ती नाकात, नखांत, ओट्यावर, सगळीकडे बसते. मी रोज संध्याकाळी ती झाडून मोरीत सोडत होते. एकदा पावसाळ्यात मोरी तुंबली आणि प्लंबरनं खालून हिरव्या गाळाचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. चिमटीत धरला तर त्याचे बारीक बारीक कण होत होते, पण विरघळत काही नव्हतं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी या कणांवर काम केलं आहे. पाण्यातले छोटे जीव ते कण गिळतात आणि फोममधून पाण्यात उतरणारी रसायनं त्यांना बाधतात, असं त्यांना दिसलं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला. चेल्सीचं जगप्रसिद्ध पुष्पप्रदर्शन त्यांचंच.

फोममध्ये फुलं जास्त टिकतात हाही समज आहे. तसं होत नाही. वीट सुकत आली की काडीला पाणी मिळत नाही, आणि घरच्या माणसाला ते वरून कळत नाही. तुमच्या आईंच्या फुलांनी माना टाकल्या त्यामागे बहुधा हेच कारण असणार. गुलाबाची मान वाकणं हे देठात पाणी न चढल्याचं लक्षण असतं, फूल शिळं असेलच असं नाही.

फोमशिवाय कसं करायचं, हे मला बाजारातल्या मांडववाल्यांनी शिकवलं. केळीचा खुंट आडवा कापून त्याचा वीतभर तुकडा परातीत ठेवायचा आणि त्यात काड्या खोचायच्या. केळीच्या गाभ्यात इतकं पाणी असतं की झेंडू, अष्टर, शेवंती दीड-दोन दिवस ताठ उभी राहतात. नंतर खुंट गाईला घाला किंवा कंपोस्टमध्ये टाका. उभ्या भांड्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी घेते, तिचा सैलसर गोळा करून भांड्यात बसवते आणि त्या भोकांतून काड्या सोडते. तीच जाळी मी चार वर्षं वापरते आहे. घरगुती भेटीसाठी तर याचीही गरज नाही. तोंडाला चिंचोळा असा तांब्या घेतला की वीस काड्या एकमेकींच्या आधारानं उभ्या राहतात.

आता वेष्टन. बुकेवर जो कापडासारखा मऊ रंगीत कागद असतो, ज्याला दुकानदार 'पेपर' म्हणतात, तो बहुतेक वेळा नॉन-वोव्हन असतो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लॅस्टिकच. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, मग चकाकीची रिबन, आत आणखी एक जाळी. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं की याचं काय करता. त्या म्हणाल्या, "बाटली विकली जाते, पुठ्ठा विकला जातो, याला भंगारवाला हात लावत नाही." राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे, तरी बुकेचं वेष्टन दुकानादुकानात तसंच चालू आहे. मी साधा ब्राऊन पेपर, सुतळी, आणि काड्यांच्या टोकांना ओला कापूस लावून त्यावर केळीच्या पानाचा तुकडा वापरते. पुण्यातल्या पुण्यात दोन-तीन तासांच्या प्रवासाला एवढं पुरतं. आईंसाठी खास काही हवं असेल तर खणाचा सव्वा मीटर तुकडा घ्या आणि त्यात जुडी बांधून पाठवा. फुलं वाळतील, खणाचा ब्लाउज शिवून होईल.

रंगाबद्दल दोन वाक्यं. निळा गुलाब, निळं किंवा मोरपंखी डेंड्रोबियम ऑर्किड, जांभळी गुलछडी हे रंग झाडावर येत नाहीत. पांढरं फूल रंगाच्या पाण्यात उभं करून ते पाजलेले असतात, नाहीतर वरून स्प्रे मारलेला असतो. वर चमकी मारली की ते फूल निर्माल्यात किंवा कंपोस्टमध्येही टाकता येत नाही. असं काही घेऊ नका.

आता शेताकडे. इथे मात्र सरळ उत्तर नाही. बरंच काही हंगामावर, शेतावर आणि शेतकऱ्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे ढोबळमानानं दोन प्रकारची फूलशेती आहे. एक उघड्या रानातली: झेंडू, शेवंती, अष्टर, गुलछडी, मोगरा, ग्लॅडिओलस. दुसरी पॉलिहाऊसमधली, म्हणजे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालच्या बंदिस्त शेडमधली: डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन. मावळात तळेगाव, पवनानगर या भागात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, आणि तिथला गुलाब फेब्रुवारीत परदेशातही जातो. पॉलिहाऊस म्हटलं की लोकांना वाटतं, यात खूप ऊर्जा जात असणार. युरोपातल्या काचगृहांच्या बाबतीत ते खरं आहे, कारण तिथे हिवाळ्यात गॅस जाळून उष्णता द्यावी लागते. मावळातल्या पॉलिहाऊसला हीटर लागत नाही. बाजूचे पडदे वर-खाली करून हवा खेळवतात आणि पाणी ठिबकनं देतात. गुलाबाच्या एका झाडाला दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. १० गुंठ्यांत सहा-सात हजार झाडं असतात, म्हणजे रोजचे चार हजार लिटर धरा. शेततळ्यात पावसाचं पाणी धरलेलं असेल तर हे फार नाही. उन्हाळ्यात टँकर आणावा लागत असेल तर फार आहे. म्हणून एकाच गुलाबाबद्दल मी डिसेंबरात 'घ्या' म्हणेन आणि मे महिन्यात 'राहू द्या' म्हणेन.

पॉलिहाऊसमधली माझी खरी काळजी फवारणीच्या औषधांची, म्हणजे कीटकनाशकं-बुरशीनाशकांची आहे. बंद, उबदार जागेत लाल कोळी, फुलकिडे या किडी आणि भुरी हा बुरशीचा रोग जोरात वाढतात. गिऱ्हाइकाला पाकळीवर एक डाग चालत नाही. म्हणून फवारण्या वारंवार होतात. खाण्याच्या मालात औषधाचा अंश किती चालेल याची मर्यादा कायद्यानं ठरलेली आहे. शोभेच्या फुलाला तशी मर्यादा नाही, कारण ते कुणी खात नाही. पण फूल हाताळणारा माणूस असतोच. बेल्जियममध्ये २० फूलविक्रेत्यांना काम करताना सुती हातमोजे घालायला देऊन मग ते मोजे तपासले, तर सगळे मिळून १११ वेगवेगळ्या औषधांचे अंश त्यांवर सापडले. फुलं विकणाऱ्याच्या हातावर एवढं, तर तोडणाऱ्याच्या हातावर किती, हा विचार मला तेव्हापासून सुटलेला नाही.

एक सकाळ सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका पॉलिहाऊसवर माल बघायला गेले होते. सातचा सुमार, आत शिरताच घशाला झोंबणारा वास. आदल्या संध्याकाळी फवारणी झाली होती. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी ओढणी नाकावर बांधून, उघड्या हातांनी गुलाब तोडत होती. कळ्यांवर चढवलेल्या जाळीच्या टोप्या काढून ती कमरेच्या पिशवीत टाकत होती आणि काड्या बादलीत ठेवत होती. मी विचारलं, वास जाईपर्यंत थांबत नाही का? ती म्हणाली, "थांबायचं असतं म्हणतात, पण आठला गाडी येते." त्या शेतावरून मी माल घेतला नाही, आणि तेव्हापासून नवीन शेतकऱ्याशी बोलताना माझा पहिला प्रश्न भावाचा नसतो. फवारणीनंतर किती तासांनी तोडा घेता, आणि मजुरांना हातमोजे देता का, हे विचारते. जो नीट काम करतो तो लगेच सांगतो: शेवटचा तोडा झाल्यावर संध्याकाळी फवारतो, दुसऱ्या दिवशी सकाळी हवा खेळवून मगच माणसं आत सोडतो. जो करत नाही तो विषय बदलतो.

तुम्ही ठाण्यात बसून शेतकऱ्याला हे विचारू शकणार नाही, मला मान्य आहे. पण फूलवाल्याला विचारा की माल कुठून आला. "मार्केटमधून" एवढंच उत्तर आलं तर त्याला दोष देऊ नका. आडत्याच्या, म्हणजे बाजारातल्या दलालाच्या, गाळ्यावर दहा शेतकऱ्यांच्या गड्ड्या एकत्र असतात आणि खरेदी करणाऱ्याला खरंच माहीत नसतं. मात्र गिऱ्हाइकं विचारायला लागली की फूलवाले आडत्याला विचारायला लागतात. मी स्वतः थेट शेतकऱ्याकडे जायला लागले ते एका गिऱ्हाईक आजोबांनी सलग तीन वेळा हा प्रश्न विचारला म्हणून.

उघड्या रानातलं फूल आपोआप औषधमुक्त असतं असंही नाही. शेवंतीवर मावा आणि फुलकिडे पडतात, झेंडूवर कोळी. पण हंगामात घेतलेलं फूल कमी लाडानं वाढतं, कमी लांबून येतं, आणि त्याला शीतगृहात फारसं ठेवावं लागत नाही. इथे मला तारखेबद्दल बोलायचं आहे. १४ फेब्रुवारीला गुलाब हवा म्हणून मावळात डिसेंबरच्या मध्याला छाटणी धरतात. त्या आठ दिवसांत भाव चढतात, आणि हा पैसा शेतकऱ्याला मिळतो म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण त्याच आठवड्यात मजुरांचे दिवस पहाटे चारला सुरू होऊन रात्री संपतात, आणि जुना माल नव्यात मिसळला जातो. उलट दसरा-दिवाळी उलटली की झेंडूचे ढीग रस्त्याकडेला टाकून शेतकरी रिकाम्या टेम्पोनं घरी जातात. ज्या दिवशी सगळं गाव एकच फूल मागत नाही त्या दिवशी फुलं घ्या. आईंचा वाढदिवस गौरी-गणपतीच्या तोंडावर येत असेल तर दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे पाठवली तरी त्या रागावणार नाहीत.

लेबलाबद्दल. भारतात सेंद्रिय मालाला प्रमाणपत्राची सोय आहे, पण आमच्या बाजारात फुलांच्या गड्डीवर मी ते आजवर पाहिलेलं नाही. कुणी दुकानाच्या पाटीवर 'ऑरगॅनिक बुके' लिहिलं असेल तर कोणत्या शेतावरचा, एवढं विचारा. नाव-गाव सांगता आलं तर ऐका, नाहीतर पाटी सोडून द्या. माझ्या ओळखीची यवतजवळची एक बाई २० गुंठ्यांत गुलछडी करते. शेणखत, जिवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रावण), निंबोळी अर्क वापरते, आणि फारच किडे पडले तर एखादं औषधही मारते, तेही मला फोनवर सांगून. तिच्याकडे कोणतंही प्रमाणपत्र नाही. तिच्या काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पहाटेच्या टेम्पोनं येतात. कागद उलगडला की खालची दोन फुलं उमललेली आणि वरच्या साऱ्या कळ्या मिटलेल्या असतात, अगदी हवी तशी. माझा भरवसा पाटीपेक्षा त्या फोनवर जास्त आहे.

लंडनमधल्या बहिणीचं गणित वेगळं आहे. तिथे लेबलं खरोखर उपयोगी पडतात, कारण सुपरमार्केटातला गुलाब केनिया, इथिओपिया किंवा इक्वेडोरहून आलेला असू शकतो, आणि त्या शेतापर्यंत ग्राहकाचा हात पोचत नाही. फेअरट्रेडचा शिक्का असेल तर मजुरांच्या कामाच्या अटी तपासलेल्या असतात आणि किमतीतला काही भाग मजुरांनी ठरवलेल्या कामांसाठी जातो. 'विमानानं आलेलं ते वाईट' असा सरळ हिशोब मात्र तिनं करू नये. ब्रिटनच्याच क्रॅनफिल्ड विद्यापीठानं २००७ मध्ये केलेल्या तुलनेत १२,००० गुलाबांमागे नेदरलँड्सच्या तापवलेल्या काचगृहातून सुमारे ३५ टन कार्बन डायऑक्साइड निघाला, तर केनियाच्या गुलाबांमागे विमानप्रवास धरूनही सुमारे ६ टन. अर्थात केनियाच्या नैवाशा सरोवराच्या पाण्यावर फूलशेतीचा ताण आहे, तो या आकड्यात दिसत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात तिथलीच फुलं घेणं. 'फ्लॉवर्स फ्रॉम द फार्म' ही ब्रिटनमधल्या छोट्या फूलशेतकऱ्यांची संघटना आहे, तिच्याकडून जवळचा शेतकरी शोधता येतो.

आपल्याकडेही विमानानं येणारी फुलं आहेत. बुकेतलं जांभळं-पांढरं डेंड्रोबियम ऑर्किड बरंचसं थायलंडचं असतं. लिलियमची, म्हणजे लिलीची, फुलं इथे उमलली तरी कंद बहुतेक हॉलंडहून आणलेले असतात. कधीतरी घ्यायला माझी हरकत नाही, पण श्रावणात दारात सोनचाफा असताना ऑर्किड कशाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि आईंकडे मांजर असेल तर लिली अजिबात नको, ती मांजराला जिवावर बेतण्याइतकी विषारी असते.

एक गोष्ट आवर्जून टाळा, ती म्हणजे रानातून उपटून आणलेली फुलं. सीतेच्या वेणीसारखी रानटी ऑर्किडं, गौरीचे हात म्हणून विकली जाणारी कळलावी, ही कुणी लावलेली नसतात. सह्याद्रीच्या झाडांवरून आणि झुडपांतून ती ओरबाडून येतात. विकायला बसलेल्या बाईंची त्यात चूक नाही, त्यांना चार पैसे हवे असतात. मी त्यांच्याकडून त्यांच्या परसातला तेरडा, सोनटक्का, दुर्वा घेते आणि कळलावी घेत नाही, आणि का घेत नाही तेही सांगते.

आता रोपाचा पर्याय. मैत्रिणीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण रोप म्हणजे आपोआप चांगली भेट असं नसतं. उरुळी कांचनच्या बाजूला मोठ्या रोपवाटिका आहेत, तिथून शहरात येणारी रोपं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कुंडीत असतात, आणि त्यातली बरीच पहिल्या दोन महिन्यांत मरतात. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास कडक ऊन लागतं. आईंच्या गॅलरीत तेवढं ऊन येतं का? कुंडी उचलायला, पाणी घालायला त्यांना जमतं का? पंचाहत्तरीच्या माणसाला आपण भेट देतो आहोत की रोजचं काम देतो आहोत, हे बघा. ऊन असेल आणि त्यांना हौस असेल तर मोगरा द्या, मातीच्या कुंडीत, आणि पहिल्या छाटणीला तुम्ही स्वतः जा. नसेल तर फुलंच बरी.

प्लॅस्टिकची फुलं 'टिकतात' म्हणून पर्यावरणाला चांगली, असं सांगणारेही भेटतील. ती फिकी पडतात, धूळ खातात आणि शेवटी कचऱ्यातच जातात, आणि ती कुजत नाहीत. त्यांच्यामुळे डेकोरेशनमधला झेंडू-शेवंतीचा खप किती घटला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फूल उत्पादक शेतकरी या फुलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले ते उगाच नाही.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. ऑगस्टात पुण्यात अष्टरची आवक सुरू झालेली असते, गुलछडी असते, सोनचाफा असतो. पावसाचा मोठा तोटा म्हणजे भिजलेला माल. वरून ताजा दिसतो, पण आत पाणी धरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी काळा पडतो. म्हणून झेंडू-शेवंतीची सुट्टी फुलं त्या दिवसांत मी भेटीसाठी घेत नाही. मी गुलछडीच्या १५ काड्या, जांभळ्या आणि पांढऱ्या अष्टरच्या चार जुड्या, आणि वेगळ्या पानाच्या पुडीत सोनचाफ्याची १० फुलं घेईन. आईंना दम्याचा किंवा उग्र वासाचा त्रास असेल तर गुलछडी पाचच काड्या, बाकी अष्टर. सोनटक्का मिळाला तर दोन देठ, तो एकच संध्याकाळ टिकतो पण ती संध्याकाळ घरभर असते. औक्षणाला ७५ दिवे लावणार असाल तर ताटात सोनचाफा शोभेल. केकवर मात्र बुकेतल्या गुलाबाच्या पाकळ्या पसरू नका, कारण वर सांगितलेल्या फवारणीचा अंश त्यांवर असू शकतो.

ऑनलाइन साइटऐवजी आईंच्या घराजवळच्या फूलवाल्याचा नंबर शेजाऱ्यांकडून घ्या आणि दोन दिवस आधी फोन करा. साधारण असं बोला: "दादा, मला अष्टर आणि गुलछडी हवी आहे, त्या दिवशी सकाळी बाजारातून आलेली. फोम नको, प्लॅस्टिक आणि तो मऊ पेपर नको, रंगवलेलं काही नको. कागदात सुतळीनं बांधून, टोकाला ओला कापूस लावून द्या. त्या दिवशी अष्टर चांगली नसेल तर जे चांगलं असेल ते द्या, मला फोटो पाठवा." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ठरलेलंच फूल हवं असा हट्ट धरला की फूलवाला शीतगृहातला जुना माल काढतो, त्याला निवड करू दिली की ताजा देतो. पैसे घासाघीस न करता द्या. वेष्टनाचे वाचले म्हणून कमी करायला सांगू नका, कारण हातानं सुतळी बांधायला फोममध्ये खोचण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आणि आईंना आधीच सांगून ठेवा: घरी आल्या आल्या काड्या तिरक्या कापून तांब्यात ठेवायच्या, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, पाणी रोज बदलायचं. गुलछडीचं खालचं सुकलेलं फूल रोज खुडलं की वरच्या कळ्या उमलत जातात. तांब्या केळी-आंब्याच्या टोपलीजवळ ठेवायचा नाही, पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूनं फुलं लवकर मिटतात. एवढं केलं तर पावसाळी हवेतही गुलछडी पाच-सहा दिवस जाते. नंतर सुतळी सोडवून सगळं कुंडीतल्या मातीवर पसरून टाकायचं. कागदही तिथेच फाडून टाकला तर चालतो.